कंपाउंडरांचा उजवा हात

मनोरंजन मंडळाच्या वार्षिक सभेत बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि कंपाउंडरांचा उजवा हात वर गेला.

प्रश्न असा होता : "पुढच्या वर्षी अध्यक्षपदासाठी माझ्याशिवाय आणखी कोणी उभं राहणार आहे का?" गेली अकरा वर्षं हा प्रश्न विचारला जात होता आणि अकरा वर्षं त्याला फक्त छताचा पंखा उत्तर देत होता. मग बाई रजिस्टरमध्ये 'बिनविरोध' लिहायच्या आणि सगळे चहाकडे वळायचे.

निवृत्त मंडळींच्या त्या वसाहतीत चार इमारती होत्या, एक सभागृह होतं, दोन कॅरम बोर्ड होते आणि एक बाई होत्या. बाई पूर्वी मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी शाळा सोडून चौदा वर्षं झाली होती, पण वसाहतीतल्यांची शाळा काही सुटली नव्हती. कॅरम सहाला बंद म्हणजे बंद, मग शेवटची सोंगटी भोकाच्या तोंडाशी का असेना. वर्तमानपत्र वाचून झालं की मूळच्या घड्यांवरच मिटायचं. आणि कोणाला काही सुचवायचं असेल, तर ते सूचनांच्या रजिस्टरमध्ये स्वतःच्या अक्षरात, सहीसकट लिहायचं. परिणामी वसाहतीतल्या प्रत्येकाचं अक्षर बाई लांबून ओळखत आणि सूचना कोणीच करत नसे.

आता त्या हाताबद्दल. कंपाउंडरांचा उजवा खांदा दोन महिन्यांपासून आखडला होता. फिजिओथेरपीवालीने सांगितलं होतं, "काका, दर तासाला हात जमेल तेवढा वर न्यायचा, दहापर्यंत मोजायचं आणि मगच खाली आणायचा." कंपाउंडरांनी चाळीस वर्षं एका डॉक्टरांच्या हाताखाली पुड्या बांधल्या होत्या. सांगितलेला डोस चुकवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मोबाइलवर दर तासाचा गजर लावून त्यांनी तो आवाज बंद करून खिशात ठेवला होता. बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा नेमके पाच वाजले, खिशात मोबाइल थरथरला आणि हात आपलं काम करायला निघाला.

"कंपाउंडर?" बाई म्हणाल्या.

कंपाउंडर तीनवर होते. चार, पाच. सगळं सभागृह वळून आपल्याकडे बघतंय हे त्यांना सहावर कळलं, का बघतंय हे आठवर कळलं आणि दहावर हात खाली आला तेव्हा बाईंनी पेनाचं टोपण लावलेलंसुद्धा होतं. रजिस्टरमध्ये शाईने लिहिलं गेलं होतं : उमेदवार क्रमांक दोन. बाईंच्या रजिस्टरमध्ये खाडाखोड होत नसे.

"बाई, मी ते… खांदा…"

"खांद्यावर जबाबदारी घेताय, चांगलं आहे. नियम सतरा. शनिवारी चार वाजता चिठ्ठीने मतदान. चहा घ्या सगळ्यांनी."

कंपाउंडरांनी चहाचा कप घेतला. त्यांच्या आजूबाजूची जागा एकदम मोकळी झाली होती.

घरी येईपर्यंत त्यांच्या पाचावर धारण बसली होती. भीती स्वतःची नव्हती. फार तर बाई त्यांचं कॅरम बंद करतील, आणि आखडलेल्या खांद्याने ते तसंही बंदच होतं. भीती होती बायकोच्या गाण्याची. ती बाईंच्या गायनाच्या गटात सहा वर्षं मागच्या रांगेत, खांबाआड बसत आली होती. लेक परदेशी गेल्यापासून तिचं घरातलं गुणगुणणंही थांबलं होतं. आणि यंदा, रविवारच्या वार्षिक कार्यक्रमात, बाईंनी तिला एकटीला एक गाणं दिलं होतं. महिनाभर स्वयंपाकघरातून सूर ऐकू येत होते. कंपाउंडर बाहेर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून ते ऐकत बसत आणि एकच बातमी चारदा वाचत. शनिवारी बाईंच्या विरोधात उभं राहायचं आणि रविवारी बाईंनी बायकोला गायला बोलवायचं, हे कसं जमणार?

"अहो, तुम्ही हे काय केलंत?" बायकोने दारातच विचारलं.

"मी कुठे केलं? हाताने केलं."

"मग हाताला सांगा, माघार घे म्हणावं."

ती आत गेली. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून नुसता भांड्यांचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मागच्या जिन्याने ड्रायव्हर वर आले. तीस वर्षं घाटात बस चालवलेला हा गडी, समोरून ट्रक अंगावर आला तरी पापणी न हलवणारा. पण बाई दिसल्या की स्ट्रायकर खिशात लपवायचा. दार लावून घेत ते कुजबुजले, "कंपाउंडर, मानलं तुम्हाला. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत."

"अहो, पण मी उभाच नाहीये!"

"असंच म्हणत राहा. कोणाला कळता कामा नये. आणि हे बघा, मी इथे आलो होतो हेही सांगू नका."

"मग पाठीशी आहात म्हणजे नेमके कुठे आहात?"

"मागे," ड्रायव्हर म्हणाले आणि आल्या जिन्याने उतरले. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदीर मिळाला की बाकीच्या उंदरांना केवढा धीर येतो, हे कंपाउंडरांनी त्या दिवशी पाहिलं. संध्याकाळपर्यंत आणखी पाच जण मागच्या जिन्याने येऊन गेले. सहा जणांचा पाठिंबा मिळाला आणि त्यांतल्या एकानेही जिन्याचा दिवा लावला नाही.

बुधवारी सकाळी सूचना फलकावर एक कागद लागला. 'कॅरम सातपर्यंत हवा. कंपाउंडरांना मत द्या.' लिहिणाऱ्याने अक्षर ओळखू येऊ नये म्हणून छापील शब्द कापून चिकटवले होते. खबरदारी चांगली होती. फक्त शब्द कापले होते ते मंडळाच्याच वर्तमानपत्रातून. बाईंनी वाचनकोपऱ्यात पेपर उघडला तेव्हा पहिल्या पानावरच्या सहा खिडक्यांमधून त्यांना समोर बसलेले कंपाउंडर दिसले.

बाईंनी पेपर मूळच्या घड्यांवर मिटला.

कंपाउंडरांच्या तोंडचं पाणी पळालं. गोळ्यांच्या पट्ट्या कापायची एक छोटी कात्री ते जन्मभर वरच्या खिशात बाळगत आणि हे वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं. आत्ताही ती तिथेच होती. त्यांनी हळूच खिशावर हात ठेवला, आणि बाईंनी तेही पाहिलं.

"आजच बाईंकडे जाते आणि गाण्यातून माझं नाव कमी करा म्हणते," दुपारी बायको म्हणाली. "त्यांनी काढण्याआधी आपणच निघालेलं बरं."

"अजिबात जायचं नाही," कंपाउंडर म्हणाले. "चूक माझी आहे, मी निस्तरतो. तू गाण्याकडे लक्ष दे." त्यांनी माघारीचा अर्ज लिहिला, तीनदा लिहिला, कारण आखडलेल्या खांद्याने लिहिलेले पहिले दोन अर्ज त्यांनाच वाचता येईनात. आणि डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात हयात गेलेल्या माणसाला वाचता येईना म्हणजे बघा.

बाई तळमजल्यावर एकट्या राहत. कंपाउंडर दारासमोर उभे राहिले, घाम पुसला, बेलकडे बघितलं आणि खिशात मोबाइल थरथरला. पाच. हात वर गेला. त्याच क्षणी केराची बादली ठेवायला बाईंनी दार उघडलं.

"शाळेतल्यासारखी परवानगी मागताय का?"

"सहा… सात… नाही बाई. आठ."

दहा होईपर्यंत बाई बादली धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी आत बसवलं. खोलीत एक खुर्ची वापरातली होती आणि तीन खुर्च्यांवर रजिस्टरं होती. बाईंनी एक गठ्ठा उचलून जागा केली. उचलताना त्या जरा थांबल्या, कंबरेवर हात ठेवला आणि मग कंबरेला काही झालंच नाही अशा उभ्या राहिल्या.

"हा माघारीचा अर्ज, बाई. तो हात मी वर केलाच नव्हता, म्हणजे केला होता, पण तो व्यायाम होता. आणि तो पेपर मी कापला नाही."

"पेपर ड्रायव्हरांनी कापलाय. कडा वाकड्या होत्या, तुमच्या सरळ असत्या." बाईंनी अर्ज पूर्ण वाचला. "म्हणजे तुम्हाला खरंच उभं राहायचं नाही?"

"नाही हो बाई! देवाशपथ नाही."

बाईंचा चेहरा पडल्यासारखा झाला. पण कंपाउंडरांना तो संतापल्यासारखा वाटला, कारण घाबरलेल्या माणसाला सगळे चेहरे एकाच जातीचे दिसतात.

"माघार अध्यक्षांच्या सहीशिवाय होत नाही," बाई म्हणाल्या आणि अर्जाची घडी घालून परत दिली. "मी सही करणार नाही."

"आणि बाई, रविवारी हिचं गाणं…"

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

हे वाक्य धमकीचं आहे की दिलाशाचं, याचा विचार कंपाउंडरांनी पुढचे तीन दिवस केला आणि प्रत्येक वेळी ते धमकीचं निघालं.

शनिवारी चार वाजता सभागृहात बेचाळीस माणसं बसली होती आणि एकही जण खोकत नव्हता. बायकोने कंपाउंडरांचा मोबाइल काढून आपल्या पर्समध्ये ठेवला होता. "आज हात खाली," ती म्हणाली होती.

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. "आपल्या पसंतीचं नाव स्वच्छ अक्षरात लिहावं," बाईंनी सांगितलं. आपल्या अक्षरात, म्हणजे बाईंना ओळखू येणाऱ्या अक्षरात, हे लक्षात येताच सभागृहात एक बारीक उसासा फिरला. ड्रायव्हरांनी डाव्या हाताने लिहायचा प्रयत्न केला, बाईंनी नुसतं पाहिलं आणि पेन मुकाट्याने उजव्या हातात आलं. कंपाउंडरांनी स्वतः 'बाई' असं इतकं सुवाच्य लिहिलं, की वर रेघसुद्धा पट्टीने मारल्यासारखी आली.

नियमाप्रमाणे चिठ्ठ्या दोन्ही उमेदवारांनी मोजायच्या होत्या. बाई, बाई, बाई. एकामागून एक. मागच्या जिन्याने आलेले सहाही पाठिंबे बाईंच्या गठ्ठ्यात जाऊन पडले. कंपाउंडरांचा जीव भांड्यात पडायला लागला होता, तेवढ्यात एक चिठ्ठी 'कंपाउंडर' निघाली. अक्षर बायकोचं होतं. त्यांना घामच फुटला. हिला वेड लागलं की काय?

आणि सगळ्यांत शेवटी आणखी एक निघाली. 'कंपाउंडर.' टपोरं, गोल, फळ्यावरचं अक्षर. काना जिथे संपायला हवा तिथेच संपलेला. चाळीस वर्षं कंपाउंडरांनी मुंगी शाईत बुडून चालल्यासारखी अक्षरं वाचली होती. हे तर शाळेतल्या पोरानेही ओळखलं असतं. त्यांनी मान वर केली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

तीन खुर्च्यांवरची रजिस्टरं त्यांच्या डोळ्यांपुढे आली. कंबरेवरचा हात आला. न केलेली सही आली. अकरा वर्षं ही बाई दर वर्षी एकच प्रश्न विचारत होती आणि आपण सगळे पंख्याकडे बघत होतो. कंपाउंडरांना एकदम फार वाईट वाटलं.

"चाळीस विरुद्ध दोन," बाईंनी जाहीर केलं. आवाज नेहमीचाच होता, फक्त थोडा बारीक. "निकालावर कोणाची हरकत?"

मोबाइल पर्समध्ये होता. पाचही वाजले नव्हते. तरी कंपाउंडरांचा हात वर गेला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच कानाला टेकला.

"बोला."

"बाई, मला दोन मतं पडली. एक माझ्या घरचं आहे. दुसऱ्याचं अक्षर मी ओळखलं."

सभागृहात कल्लोळ झाला. "बाई, माझं नाही!" "माझंही नाही, शपथ!" "बाई, माझी चिठ्ठी बघा हवं तर!" ड्रायव्हर तर खुर्चीवर उभे राहून ओरडत होते. आणि या सगळ्यात बाईंच्या चेहऱ्यावरही भीती होती. ती भीती कंपाउंडर नीट ओळखत होते, कारण आठवडाभर ते ती आरशात बघत होते.

त्यांनी चिठ्ठीची बारीक घडी घातली आणि कात्रीच्या खिशात टाकली. "चिठ्ठी वाचायची, पण कोणाला काय होतंय ते बाहेर सांगायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम," ते म्हणाले. "पण त्या एका मतासाठी मी उपाध्यक्ष व्हायला तयार आहे. सोमवारपासून रजिस्टरं मी लिहीन. बाईंनी फक्त सही करायची."

बाईंनी पेन उघडलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा ते दुसऱ्या कोणाच्या हातात दिलं आणि खुर्चीवर मागे टेकून बसल्या. "शीर्षक अधोरेखित करा," त्या म्हणाल्या.

घरी परतताना कंपाउंडर तरंगतच होते. "काय गं, तू मला मत दिलंस? बाईंनी राग धरला असता तर उद्याचं गाणं गेलं असतं तुझं!"

"म्हणून तर दिलं!" बायको रस्त्यातच थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "अहो, महिनाभर झोप नाही मला. एकटीने उभं राहून गायचं म्हटलं की पहिली ओळसुद्धा आठवत नाही. मला तो खांबच बरा होता. पण बाईंना नाही कोण म्हणणार? वाटलं, तुमच्यामुळे तरी आपोआप सुटेन. नाव कमी करून घ्यायला निघाले होते, तर तुम्हीच अडवलंत."

"अगं, पण तू गुणगुणत होतीस ना, स्वयंपाकघरात?"

"ते तुम्ही बाहेर ऐकत बसता म्हणून."

कंपाउंडर म्हणाले, "ठीक आहे. गाणं घरातच. बाईंना आत्ता जाऊन सांगतो. आता उपाध्यक्ष आहे मी."

ते ताठ मानेने बाईंच्या दाराशी गेले. खांदा दुखत नव्हता, पेन खिशात होतं, कारण चोख होतं. समोर बेल होती, जेमतेम छातीच्या उंचीवर.

पण तो उजवा हात काही केल्या तिथपर्यंत वर जाईना.