सगुणाबाईंची बर्फाची पेटी

एका जंगलात, बाळांनो, सगुणाबाई नावाची एक साळिंदरीण होती. खिडकीबाहेर नाही, इकडे बघा. ती बाहेर कुठे नाही, गोष्टीत आहे.

सगुणाबाई त्या जंगलाच्या आरोग्यसेविका होत्या. त्या कशा झाल्या, त्याची एक गंमतच आहे. जंगलात घुरघुऱ्या ताप आला, तेव्हा सगळ्या पिल्लांना लस टोचायचं ठरलं. लस होती, पण सुया नव्हत्या. दरबारात तीन दिवस खल झाला. चौथ्या दिवशी वाघमहाराजांची नजर सगुणाबाईंच्या पाठीवर गेली.

"हिच्याकडे आहेत की!" महाराज म्हणाले आणि जेवायला गेले.

तेव्हापासून नेम पडला. एका पिल्लाला एक काटा. उपटायचा, लसीत बुडवायचा, टोचायचा. नवे काटे फुटायला वर्ष लागायचं आणि पिल्लं तर रोज जन्माला यायची. त्यामुळे सगुणाबाईंची पाठ मधोमध छान सपाट झाली होती. तिथे त्या लसीची पेटी ठेवायच्या. पेटीत बर्फ असायचा, कारण ही लस जरा तापली की तिचं नुसतं पाणी व्हायचं.

सगळ्या बिळांत लस पोहोचली. राहिली फक्त तळकोंडीच्या दरीतली तरसीण. तिला सात पिल्लं होती, आणि स्वभाव असा की, चौकशीला येणाऱ्यालाच ती खायची. सगुणाबाई चार महिने तिच्या गुहेबाहेर जाऊन बसल्या. कधी पावसावर बोलल्या, कधी सासूवर. लसीचं नाव पाचव्या महिन्यात काढलं.

शेवटी तरसीण म्हणाली, "बरं, ये अमावास्येला. सूर्य डोक्यावर यायच्या आत. नाही आलीस तर दगड लावून घेईन, आणि पुन्हा इकडे फिरकायचं नाही."

घरी येताना सगुणाबाई वाटभर नाचल्या. साळिंदर नाचत असेल तर बाळांनो, लांबूनच बघावं.

अमावास्या उजाडली. बाई पेटी उचलणार, एवढ्यात आरोग्याधिकारी मुंगूसराव धापा टाकत आले.

"बाई, निघालात कुठे? आज तुमचा सत्कार! सर्व जंगलांच्या आरोग्य परिषदेचे अध्यक्ष आलेत, पार दक्षिणेच्या बर्फातून. आरोग्यसेविकांच्या पाठीशी साऱ्या जगानं उभं राहावं, यावर बोलणार आहेत."

"साहेब, तरसीण वाट बघतेय. ताप तिच्या शेजारच्या टेकडीवर आलाय हो!"

"दहा मिनिटांचं काम. शाल घ्या, नारळ घ्या आणि पळा."

अध्यक्ष म्हणजे एक पेंग्विनसाहेब होते. मनाचे फार चांगले. खरोखर तळमळीनं बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला उकाड्यानं त्यांना घेरी आली. पाहुण्याला घेरी! एकच धावपळ उडाली. कुणी पंखानं वारा घातला, कुणी केळीचं पान धरलं. मग मुंगूसरावांना बर्फ आठवला. पेटीचं झाकण उघडून त्यांनी अध्यक्षांना अलगद आत बसवलं.

"अहो, त्यात लस आहे!" सगुणाबाई ओरडल्या.

"सरकून बसतील ते," मुंगूसराव म्हणाले.

"आरोग्यसेविका," पेंग्विनसाहेब पेटीतून डोकं काढून म्हणाले, "साऱ्या जंगलाचा भार वाहते!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग शाल आली. वाघमहाराजांनी ती बाईंच्या अंगावर घातली. चित्र काढणाऱ्या माकडाला शाल नीट दिसेना, म्हणून काढून परत घालायचं ठरलं. काढताना ती काट्यांत अडकली. महाराजांनी ओढली. चार काटे शालीबरोबर गेले.

सगुणाबाईंनी मान वळवून बघितलं. सात उरले होते. बरोबर सात. आता कुणी आपलं कौतुक करायला आलं तर चावायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"अजून किती भाषणं आहेत?" त्यांनी विचारलं.

"अकराच," मुंगूसराव म्हणाले.

सूर्य वर चढत होता. पेटीत अध्यक्षांना डुलकी लागली होती. त्यांना उठवून उतरवावं, तर आधी आभारप्रदर्शन करावं लागलं असतं. सगुणाबाईंनी झाकण लावलं, पेटी अध्यक्षांसकट पाठीवर घेतली आणि धूम ठोकली.

दोन ओढे, एक चढ, मग काटेरी उतार. पेटी खांद्यांत रुतत होती. वाटेत आतून आवाज आला, "बाई, सभा हलतेय का?"

"हो साहेब. गच्च धरून बसा."

त्या पोहोचल्या तेव्हा तरसीण गुहेच्या तोंडाला दगड लोटतच होती.

"थांब गं!" सगुणाबाईंनी पेटी आपटली. झाकण उघडलं. तरसिणीनं आत वाकून बघितलं आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

"हे खायला आणलंस?"

"नाही गं. हे अध्यक्ष आहेत."

"म्हणजे काय करतात?"

सगुणाबाईंनी विचार केला. "पाठिंबा देतात."

"मग नुसते बसलेत काय? पिल्लं धरायला सांग."

पेंग्विनसाहेब थरथरत बाहेर आले. आणि बाळांनो, एक गोष्ट मान्य करायला हवी. लसीच्या कुप्या त्यांनी आपल्या दोन पायांवर, अंडं जपावं तशा जपल्या होत्या. एकही तापली नव्हती. त्यांनी एकेक पिल्लू पंखात धरलं. सगुणाबाईंनी एकेक काटा उपटला. सातवं पिल्लू अध्यक्षांना कडकडून चावलं, पण त्यांनी ते सोडलं नाही.

झालं! सातही पिल्लांना लस मिळाली. तरसीण खदाखदा हसली आणि म्हणाली, "बस गं सगुणे. पाणी पी." पाच महिन्यांत ती पहिल्यांदाच बस म्हणाली होती. सगुणाबाईंना इतका आनंद झाला की त्या पाणी प्यायचं सोडून रडायलाच लागल्या.

पेंग्विनसाहेबांचेही डोळे भरून आले. "बाई, तुम्हाला काय हवं ते सांगा. मी जगाला सांगतो."

"सुया," सगुणाबाई म्हणाल्या. "आणि थोडा जास्त बर्फ."

साहेबांनी ते लिहून घेतलं. दोनदा वाचूनही दाखवलं.

वर्ष गेलं. सगुणाबाईंच्या पाठीवर नवे काटे फुटले. तरसिणीला नवी पाच पिल्लं झाली. आणि एका सकाळी मुंगूसराव नाचतच परिषदेचा ठराव घेऊन आले.

"बाई, साऱ्या जगानं एकमतानं ऐकलं तुमचं! बर्फ जास्त पाठवलाय. सुया नाहीत, कारण तुमच्याकडे आहेतच."

बर्फ खरंच आला होता. त्याच्यावर एक पांढरं अस्वल बसलं होतं.

"नमस्कार," अस्वल म्हणालं. "मी यंदाचा अध्यक्ष. ठरावात म्हटलंय की, इथे दुर्गम भागात न्यायला एक सपाट पाठ आहे. पण हिला तर काटे आहेत!"

"आत्ता काढतो साहेब," मुंगूसराव म्हणाले. "अरे, शाल आणा रे!"

शाल यायच्या आत सगुणाबाईंनी पेटीत बर्फ भरला, लस ठेवली आणि त्या तळकोंडीच्या वाटेला लागल्या. बर्फ चालला म्हटल्यावर अस्वलही मागोमाग चालायला लागलं. बाईंनी त्याला अडवलं नाही. तरसीण पुन्हा "हे खायला आणलंस?" असं विचारणार, हे त्यांना ठाऊक होतं. या खेपेला तिला काय उत्तर द्यावं, याचा त्या वाटभर विचार करत होत्या.

तात्पर्य : आरोग्यसेविकेच्या पाठीशी साऱ्या जगाने खंबीरपणे उभे राहावे. उभे राहून पाय दुखल्यास तिच्या पाठीवर बसावे. मात्र ती कुठे चालली आहे, हे आधी विचारून घ्यावे.