अकरा गळे वजा

तिसगावच्या ख्रिस्ती वस्तीत सुरातलं कळणारा माणूस एकच, आणि तो आपण, याविषयी मार्तंडमास्तरांना शंका नव्हती. पुण्याला चार महिने राहून ते समूहगायन शिकून आले होते.

सेहेचाळीस सालची गोष्ट. लेंटच्या उपवासाच्या दिवसांत मधेच एक आनंदाचा रविवार येतो. त्या दिवशी नगरचे पाद्रीसाहेब उपासनेला येणार होते. नगरच्या मोठ्या देवळाला गायनमास्तर हवा होता, ती जागा आपल्याला मिळावी म्हणून मास्तरांनी स्वतःसकट बारा जण जमवून तीन आवाजांचं गीत बसवायला घेतलं. बायकांनी म्हणायचं, ‘आनंद करा’. जाड आवाजाच्या पुरुषांनी, ‘यरुशलेमेबरोबर’. आणि मास्तरांनी वरच्या सुरात, ‘शोक करणाऱ्यांनो’. तिन्ही मिळून अर्थ लागायचा.

पहिल्याच तालमीला मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या. “पुंजाराम, तुझा गळा मोटेच्या चाकासारखा करकरतो. उद्यापासून येऊ नकोस.”

“बरं,” म्हणून पुंजाराम उठला. त्याच्यामागे त्याचे भाऊ आणि मेहुणे उठले. जाड आवाज संपला.

मग रतनबाई शब्दाच्या मधेच श्वास घेते म्हणून गेली. शेवटी मास्तर साळूबाईंवर घसरले. “बाई, हे गायन आहे, जात्यावरची ओवी नाही.”

“मंग आमी जात्यावरच बसतो की. पीठ तरी पडंल,” असं म्हणून साळूबाई उरलेल्या बायकांना घेऊन निघून गेल्या.

शनिवारी पुंजाराम दारात आला. “मास्तर, उद्याला येऊ का? समदी तयार हायेत.”

“मी एकटा समर्थ आहे,” मास्तर म्हणाले. पण पहाटे बायकांचा सूर लावून पाहिला, तर गळा चिरकला.

उपासनेला अकराही जण पहिल्या बाकांवर, डोक्याला तेल चोपडून बसले होते. मास्तर उभे राहिले. “शोक करणाऱ्यांनो,” असं म्हणून सवयीनं बायकांसाठी थांबले. देवळात चिडीचूप. पुन्हा “शोक करणाऱ्यांनो,” आणि पुन्हा थांबले. चौथ्या खेपेला त्यांचाच आवाज कापायला लागला. साळूबाईंनी हसू दाबायला तोंडाला पदर लावला, पुंजारामनं मान खाली घातली, खांदे गदगदा हलायला लागले. मागच्या म्हाताऱ्यांना वाटलं, पुढची मंडळी रडतायत. त्यांनीही डोळे पुसले, आणि बघता बघता सगळं देऊळ मुसमुसायला लागलं. पाद्रीसाहेबांनी चष्मा काढला.

नंतर त्यांनी मास्तरांचा हात धरला. “आनंदाच्या दिवशी माणसं रडवलीत. असा गळा मी ऐकला नव्हता.”

“साहेब, ते गीत तसं नव्हतं. बाकीचे आवाज...”

“गायनमास्तर मला परवाच मिळाला,” पाद्रीसाहेब म्हणाले. “पण नगरला मयतीला गाणारं कोणी नाही. तुम्ही याच.”

मास्तरांचा चेहरा पडला. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “तिथं माझ्याबरोबर आणखी कोणी गायचं असतं का?”

“नाही. एकट्यानंच.”

“येतो,” मास्तर म्हणाले.