सरंग्याचे सहा वाटे

अपूर्णांक शिकवायला फळ्यावर व्यंगचित्र काढायचं, असं सत्यवान मास्तरांनी ठरवलं. गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी 'गणिताच्या तासाला मुले पेंगतात' असा शेरा मारला होता. (पेंगत नव्हती, चांगली झोपली होती, साहेब भला माणूस.) यंदाही तसाच शेरा आला, तर बदली थेट फोंडाघाटला. तिथे ताजा मासा कुठला मिळायला?

मसुऱ्याच्या आपल्या घरातली पंगतच मास्तरांनी फळ्यावर उतरवली. म्हातारी आई, चार पोरं आणि स्वतः मास्तर. (पोट जरा आत घेतलेलं.) मधे एक सरंगा मासा, आणि बाजूला डाव घेऊन उभी बायको नर्मदा. तीच सगळ्यांत झोकात उतरली होती. खाली प्रश्न लिहिला, 'घरात सगळ्यांना सारखे वाटे केले, तर प्रत्येकाला किती?' उत्तर उघड होतं, एक षष्ठांश.

साहेब येऊन खुर्चीत बसले. चित्र बघून मुलं खुदखुदली आणि चक्क बोलायला लागली. आजीला दात नाहीत, तिला मऊ भाग द्या, इथपर्यंत मजल गेली. मास्तरांची छाती फुगत चालली होती. तेवढ्यात पुढे बसलेली जानकी उभी राहिली.

"गुरुजी, जिना रांधल्यान, तिचो तुकडो खंय आसा?"

मास्तरांनी फळ्यावरच्या नर्मदेकडे पाहिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण हा हिशोब त्यांनी कधी केलाच नव्हता. मग पोरं पेटली. कोण म्हणे सहा, कोण म्हणे सात, आणि घंटा झाली तरी भांडण मिटेना.

"मास्तर, चूक मुद्दाम ठेवली होतीत?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे काय, साहेब," मास्तर म्हणाले. (देव माफ करो.)

साहेबांनी लिहिलं, 'गणित शिकवण्याची कल्पक रीत. चर्चा उत्तम.'

मास्तर घरी आले ते जमिनीपासून वीतभर वर चालत. आईला शेरा दोनदा वाचून दाखवला, नर्मदेला सगळी हकिकत सांगितली आणि मोठ्या मनाने फर्मावलं की आजपासून तिनेही सगळ्यांबरोबरच जेवायला बसायचं. नर्मदेने मुकाट्याने सातवं पान मांडलं. सरंग्याचे तुकडे मात्र नेहमीसारखे सहाच होते. एक सासूला, चार पोरांना, आणि सहावा तिने शांतपणे स्वतःच्या पानात वाढून घेतला.

मास्तर आपल्या पानातल्या कोरड्या भाताकडे बघत राहिले.

"तुमका साहेबांनी शेरो दिल्यानी मां?" नर्मदा काटा काढत म्हणाली. "आज तोच घेवा भातावर."