टायरमागची अंत्ययात्रा

ओरेस्ट लिसाकच्या अंगावरचा पट्टा सुटेना. मूळचा तो घोड्याचा पट्टा, आजोबांच्या वेळचा. खांद्यांवरून येऊन पोटावर आवळायचा. त्याला मागे जाड दोर आणि दोराला ट्रॅक्टरचा टायर. सकाळी त्याच्या बायकोनेच, डार्लीनने, बक्कल लावून दिलं होतं.

"हा टायर ट्रॅक्टरला लावला असतास तर काही काम तरी झालं असतं," ती म्हणाली होती.

आपल्या ब्रोडी गावाच्या आइस हॉकी संघात ओरेस्ट तरुणपणापासून बचावाला खेळत आलेला. मार्चमध्ये प्रशिक्षक व्हर्न बोडनारने सगळ्यांसमोर त्याला सुनावलं होतं, "ओरेस्ट, तुझे पाय संपले. पुढच्या हिवाळ्यापर्यंत नवे पाय घेऊन ये, नाहीतर प्रेक्षकांत बस." हे त्याला फार लागलं होतं. रिंकवर, म्हणजे हॉकीच्या मैदानावर, ऑक्टोबरशिवाय बर्फ लागत नाही, म्हणजे पाय कमवायचे ते रस्त्यावरच. सगळा उन्हाळा तो दफनभूमीच्या रस्त्यावर टायर ओढत होता. तिथे चिटपाखरू नसतं, हसायला कुणी नसतं. त्या शनिवारी म्हाताऱ्या निक प्रिस्टुपाला तिथेच पुरायला न्यायचं आहे, हे मात्र तो साफ विसरला.

मान खाली घालून तो दलदलीवरच्या बांधाच्या मध्यावर आला, तेव्हा मागून हलकेच हॉर्न वाजला. वळून बघतो तर शववाहिका, आणि तिच्यामागे गावातल्या झाडून सगळ्या गाड्या.

शववाहिकेचा मालक गॉर्डन लगबगीने जवळ आला. "बाजूला हो रे!"

"कुठं होऊ? दोन्हीकडे चिखल आहे. गेल्या वर्षी क्रावेट्सची गाय गेली यात."

"मग तो टायर ढकल खाली."

"टायरबरोबर मीपण जाईन ना! बक्कल अडकलंय, दोराची गाठही आवळलीय."

एरवी त्या गावात प्रत्येकाच्या खिशात चाकू असतो. आज सगळे काळ्या सुटात होते. एकाकडेही निघाला नाही. गॉर्डनने बक्कल दाताने ओढून पाहिलं. फादर तारासनी पट्टा ओरेस्टच्या पोटावरून वर सरकवून पाहिला. तो बरगड्यांपाशी येऊन रुतला.

"मग ओढ," फादर शेवटी म्हणाले. "दुसरं काय करणार?"

ओरेस्टने ओढायला सुरुवात केली. पुढे तो, मागे खडीवर खरखरणारा टायर, त्यामागे निक. लाजेने त्याचे कान तापले होते. थोड्या वेळाने फादर गाडीतून उतरले आणि चालत स्तोत्र म्हणू लागले. त्यांना बघून निकची बायको स्टेफानिया उतरली. तिने शववाहिकेच्या काचेवर हात ठेवला आणि तशीच चालू लागली. मग एकेक करून सगळेच उतरले.

दफनभूमीच्या फाटकाशी नवीच अडचण. शवपेटी उचलणाऱ्यांत निकचा धाकटा भाऊ मॅक्सिम होता. एवढं चालून त्याला धाप लागली. तो एका थडग्यावर बसला तो उठेना.

"ओरेस्ट, तू धर," स्टेफानिया म्हणाली.

"काकू, माझ्यामागे टायर आहे."

"असू दे. निकच्या मागे जन्मभर मी होते. त्यानं काम टाळलं का कधी?"

ओरेस्टने पेटीची कडी धरली. समोरच्या बाजूला नेमका व्हर्न बोडनार.

"माझ्या आईच्या थडग्यावरच्या फुलांवरून टायर नेलास," व्हर्न दात आवळून कुजबुजला.

"दिसली नाहीत रे."

"मैदानात तरी तुला कुठं काय दिसतं!"

खड्ड्याच्या काठावरचं गवत ओलं होतं. व्हर्नचा नवा बूट सटकला, तो गुडघ्यावर बसला आणि पेटी खड्ड्याकडे कलली. बायका किंचाळल्या. बाकीचेही पुढे खेचले जाऊ लागले. त्याच क्षणी टायर कुणाच्या तरी क्रूसाला अडकला आणि दोर ताठ झाला. ओरेस्ट मागे रेलला, टाचा मातीत रोवल्या आणि व्हर्न उठून उभा राहीपर्यंत त्याने पेटी तशीच तोलून धरली. त्याच्या मांड्या थरथरत होत्या, पण निक प्रिस्टुपा जसा जायचा तसाच खाली गेला. सरळ आणि सावकाश.

दफन झाल्यावर खड्डा खणणाऱ्याने फावड्याच्या एका घावात दोर तोडला.

जेवायला ओरेस्ट चर्चच्या सभागृहात आला तो अंगावर तसाच अडकलेला पट्टा घेऊन, कोपऱ्यात तोंड लपवायला. स्टेफानियाने त्याला शोधून काढलं आणि पिरोगींची, म्हणजे उकडलेल्या करंज्यांची, भरलेली ताटली त्याच्यापुढे ठेवली.

"काकू, मला माफ करा. सगळा विचका केला मी."

"गॉर्डननं पाच मिनिटांत पोचवला असता त्याला," ती म्हणाली. "तुझ्यामुळं सोबत थोडी लांबली." एवढं बोलून तिने डोळे पुसले आणि वर साय वाढली.

व्हर्न लंगडत आला. त्याने पट्ट्याकडे पाहिलं. "पाय आहेत तुझ्याकडे," तो नाइलाजाने म्हणाला. "सरावाला ये. आणि उद्या आईची फुलं लाव."

ओरेस्टच्या शेजारी बसलेला मॅक्सिम म्हातारा हे सगळं कान देऊन ऐकत होता.

"म्हणजे तू परत खेळणार? मग टायर ओढणं बंद?"

"रिंकवर बर्फ लागला की बंद, काका."

मॅक्सिमने काटा खाली ठेवला आणि गंभीरपणे मान हलवली.

"म्हणजे मला ऑक्टोबरच्या आत आटपायला हवं."