दोन दिवसांसाठी नेलेली बोट

नौका नोंदणी कार्यालयाचा नियम असा आहे की, पन्नाशी ओलांडलेली बोट ही नुसती बोट राहत नाही, तिचा वारसा होतो. बोट पाण्यात सोडायला परवाना पुरतो. वारसा पाण्यात सोडायचा तर त्याच्या आजवरच्या सगळ्या मालकांचा शोध घ्यावा लागतो आणि प्रत्येकाने तो पुढच्याला राजीखुशीने दिला होता, हे सिद्ध करावं लागतं. नियम चांगला आहे. दुसऱ्याची बोट तिसऱ्याने वापरू नये, एवढाच त्याचा साधा हेतू.

वायसरकाकांना हा नियम बोटीला शेवटचा रंग दिल्यावर कळला.

वायसरकाका म्हणजे जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केलेला माणूस. नळ कुठलाही असो, तो गळायला लागला की काका मान तिरकी करून म्हणत, "वायसर गेलाय." त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव फक्त लाइटबिलावर उरलं होतं. गुडघे वाकेनासे झाले तेव्हा त्यांनी नळ सोडले आणि मेहुण्याच्या परसात उपडी पडलेली जुनी लाकडी बोट घरी आणली. कुजलेल्या फळ्या बदलल्या, फटींमध्ये सूत ठोकून भरलं, वरून डांबर चोपडलं. आयुष्यभर पाणी बाहेर गळू दिलं नाही, आता आत येऊ द्यायचं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

हा उद्योग हौसेचा नव्हता. काकूंची थोरली बहीण खाडीच्या पलीकडे राहायची. अंगणात उभं राहिलं की तिच्या घराचं छप्पर दिसायचं, पण तिथे पोहोचायचं तर लांबच्या पुलावरून अर्धा दिवस बसने जावं लागे. आणि काकूंना बस लागायची. स्टँडवर उभी असलेली बस नुसती पाहिली तरी त्यांच्या पोटात ढवळायचं. इकडे ताईची नजर महिन्यागणिक अधू होत चालली होती. परवाच फोनवर म्हणाली, "दिसतंय तोवर ये गं. नंतर आलीस तर मी नुसत्या आवाजाशी गप्पा मारणार."

म्हणून काका कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहिले.

"बोट कुणाची?" कारकुनाने विचारलं.

"माझी."

"त्याआधी?"

"मेहुण्याची."

"आणि त्याच्याआधी?"

"ते मेहुण्याला ठाऊक."

"मग परवाना मेहुण्याला देऊ का?" कारकुनाने पेन खाली ठेवलं. "काका, नवी बोट असती ना, तर आत्ताच्या आत्ता शिक्का मारला असता."

"नवी असती तर दुरुस्त कशाला केली असती?"

"तेच म्हणतोय मी. जुन्या वस्तूंचा नाद वाईट." असं म्हणून कारकुनाने आपल्या खुर्चीचा निखळलेला हात पुन्हा जागेवर बसवला.

काका तडक मेहुण्याकडे गेले. मेहुणा व्हरांड्यात पाय पसरून बसला होता.

"दाजी, मी बोट तुम्हाला दिली कुठे?" तो म्हणाला. "तुम्हीच म्हणालात, जरा बघतो."

"बरं, बघितली. पण तुझ्याकडे कुठून आली?"

मेहुण्याने आधी घरात बायको आहे का ते पाहिलं. "दाताच्या डॉक्टरांची आहे ती. दोन दिवसांसाठी आणली होती. पोराला मासे धरायचे होते."

"त्या पोराच्या पोराला मिशा फुटल्या!"

"मग? डॉक्टरांनी मागायला नको? आणि आता इतक्या वर्षांनी परत करायची म्हणजे बरं दिसतं का? त्यांनाच अवघडल्यासारखं होईल."

डॉक्टरांना अजिबात अवघडल्यासारखं झालं नाही. त्यांनी काकांना आधी खुर्चीत आडवं केलं, तोंड उघडायला लावलं आणि मगच विषय ऐकून घेतला, त्यामुळे पुढचा बराच वेळ डॉक्टरच बोलत होते.

"तुमचा मेहुणा? ढापली हो त्याने! दोन दिवस म्हणून नेली ती नेलीच. समोरून आला की रस्ता बदलतो. लोकांना लाज कशी वाटत नाही म्हणतो मी! आणि वल्ही? वल्ही आहेत का जागेवर? दाढ काढावी लागणार तुमची."

काकांनी तोंड सोडवून घेतलं. "डॉक्टर, तुम्ही ती घेतलीत कुणाकडून?"

डॉक्टर हात धुवायला वळले. हात आधीच स्वच्छ होते, तरी ते पुष्कळ वेळ धुतले.

"फोटोवाल्याची होती," ते नळाकडे बघत म्हणाले. "पाहुणे आले होते. दोन दिवसांसाठी मागून आणली. पण ती गोष्ट वेगळी. आमचे घरोब्याचे संबंध होते."

ते संबंध बोटीनंतर संपले, हे काकांना फोटोवाल्याकडे कळलं. फोटोवाला आता पार थकला होता, तरी डॉक्टरांचं नाव काढताच ताठ बसला. स्टुडिओत मागे चंद्राचा पडदा आणि पुढे ही बोट, अशी त्याची मांडणी असे. नव्या जोडप्यांना तो बोटीत बसवायचा आणि कोरड्या जमिनीवर वल्ही मारायला लावायचा.

"बोट गेली आणि धंदा बसला," फोटोवाला म्हणाला. "त्या दातपाड्याला मी माझ्या मरणाला बोलावणार नाही."

"पण तुम्ही ती विकत घेतली होती ना?" काकांनी मोठ्या आशेने विचारलं.

"विकत?" फोटोवाल्याला हा शब्द नवीनच वाटला. "छे हो! नोंदणी कार्यालयात एक हेडक्लार्क होते. त्यांच्याकडून आणली होती. एकच फोटो काढायचा होता. दोन दिवसांचं तर काम."

काका त्या निवृत्त हेडक्लार्कसाहेबांच्या दारात जाऊन उभे राहिले. साहेबांनी कागदपत्राशिवाय कसलीच गोष्ट न करण्यात हयात घालवली होती, त्यामुळे ते आवाज चढवून, अभिमानाने बोलले.

"ऑफिसचीच बोट ती. पाहणीची. मुलीची सहल होती म्हणून दोन दिवसांसाठी नेली. पण फुकटफाकट नाही हं, तोंडी परवानगी घेऊन नेली."

"कुणाची?"

"माझीच. साहेब रजेवर होते, चार्ज माझ्याकडे होता. मी विनंती केली, मीच विचार केला आणि मग मंजूर केली."

त्या दिवशी काकांनी जेवताना काकूंना सगळं सांगितलं. सत्य सांगितलं तर बोट सरकारजमा. नाही सांगितलं तर परवाना नाही. तिसरा रस्ता म्हणजे विकत घेतली असं कुणाकडून तरी वदवून घ्यायचं. मेहुणा तर एका पायावर तयार होता. काकूंनी ताट बाजूला सारलं.

"खोटं बोलून ताईकडे जायचं असेल तर मी बसनेच जाते, ओकत ओकत," त्या म्हणाल्या. "सांगून टाका काय ते. नेली तर नेली."

काकांनी कार्यालयाच्या मुख्य साहेबांपुढे जाऊन सगळं सांगितलं. साहेब तरुण होते, हसतमुख होते. गोष्ट संपेपर्यंत त्यातलं काहीच राहिलं नाही.

"शक्यच नाही," ते म्हणाले. "आमची बोट शेडमध्ये आहे. दर वर्षी तिला रंग देतो आम्ही."

दोघे मागच्या आवारात गेले. शेडला भलंमोठं कुलूप होतं आणि शेजारी पहारेकरी स्टुलावर बसला होता.

"बोट आत आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"असणारच साहेब. कुलूप आहे की."

"तू पाहिली आहेस?"

"कुलूप रोज पाहतो."

दार उघडलं. आत रंगाचे रिकामे डबे भिंतीला लावून उंच रचले होते आणि मधोमध स्वच्छ झाडलेली, मोकळी जमीन होती. पहारेकऱ्याने आत डोकावून पाहिलं आणि "आहे ना साहेब, जागा आहे," म्हणून पुन्हा स्टुलावर जाऊन बसला.

"मी बोट आजच आणून ठेवतो," काका म्हणाले.

"मुळीच नाही!" साहेबांनी घाईघाईने दार लोटलं. "आत एक बोट असताना दुसरी कुठे ठेवू?"

"आत तर मोकळंच आहे."

"काका, जरा समजून घ्या. ती आत नाही म्हटलं, तर गेली कधी, असा प्रश्न निघेल. माझ्याआधीचे सगळे साहेब ती सुस्थितीत असल्याची सही करून गेलेत. त्यातले एक आज माझ्या वरचे साहेब आहेत. तेव्हा बोट आत आहे." बोलता बोलता त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "आणि जी बोट इथे आहे, ती तुमच्या अंगणात असू शकत नाही. म्हणजे तुमच्याकडे बोट नाहीच. नसलेल्या बोटीला परवाना कसा लागेल?"

काकांना पटायला वेळ लागला. "आणि बुडालो तर?"

"नसलेल्या बोटीतून कुणी बुडत नाही. निर्धास्त जा."

दुसऱ्या दिवशी काका-काकू खाडीत उतरले. गस्तीच्या लाँचवरच्या शिपायाने त्यांना पाहिलं, लगेच टोपी डोळ्यांवर ओढली आणि दुसरीकडे बघत शीळ घालायला लागला. बोटीत थेंबभरही पाणी आलं नाही. पलीकडच्या काठावर ताई काठी टेकत आली आणि तिने काकूंचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला.

"केवढी पिकलीस गं!"

"दिसतंय तुला?"

"दिसतंय तेवढं. थांब, अशीच उभी राहा जरा."

दोघी बहिणी तशाच उभ्या राहिल्या. काकांनी बोट बांधली आणि ते पाठ करून उगाचच गाठ पुन्हा पुन्हा आवळत बसले. तेवढ्यात ताईचा मुलगा धावत आला. त्याने बोटीभोवती एक फेरी मारली.

"काका, एकदम झकास! एक विचारू? दोन दिवस ठेवून जाता का?"

"आणि आम्ही परत कसे जाणार?"

"बस आहे की."

काकांनी गाठ आणखी एकदा आवळली आणि ते वल्ही मांडीवर घेऊन बोटीतच बसून राहिले. काकू बहिणीकडे मनसोक्त राहिल्या, काका मुक्कामभर बोटीत झोपले आणि त्यांचं जेवण काठावर पोहोचवावं लागलं. असा विक्षिप्त माणूस पाहिला नाही, असं तिकडचे लोक अजून म्हणतात.

ही गोष्ट मी जिथे जिथे सांगितली तिथे लोक पोट धरून हसले. मेहुण्यासारखा एखादा तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत निघाला. कुणाची शिडी गेली होती, कुणाची इस्त्री, कुणाचा कुकर. नेणाऱ्यांची नावं सगळ्यांना तोंडपाठ होती. आश्चर्य एवढंच की इतक्या लोकांत एकही नेणारा मला भेटला नाही.

तुम्हीही हसला असाल. हसा, हरकत नाही. फक्त हे पुस्तक मिटण्याआधी त्याच्या पहिल्या पानावर कुणाचं नाव लिहिलंय, तेवढं एकदा बघून घ्या.