सबनीस सरांचा पिवळा कागद

लोणी काळभोरच्या ज्या कॉलेजच्या मेसमध्ये आई चपात्या लाटायची, त्याच कॉलेजात मी इंजिनिअर झाले. वडिलांची पाठ हमालीत गेली होती, घर आईच्या लाटण्यावर चालायचं. मैत्रिणी चपाती कडक म्हणून नाक मुरडायच्या, मी गप्प जेवायचे. आमच्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण एवढं करून पुण्यातल्या ज्या ऑफिसात पोचले, तिथे पहिल्याच दिवशी एक पिकल्या केसांचे गृहस्थ कार्पेटवर पिवळा कागद ठेवून, मागे जाऊन, गंभीर चेहऱ्याने त्या कागदाकडे चालत येत होते. कागदापाशी आले की स्वतःलाच "थांबा" म्हणत, आणि थांबत.

हे सबनीस सर. आमचा कोड तपासणारे.

आम्ही डीबगर बनवतो. म्हणजे चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत डोकावायचं साधन. जिथे थांबवायचं तो ब्रेकपॉइंट. तिथली मूळ सूचना उचलायची, तिच्या जागी सापळा ठेवायचा. प्रोग्रॅम अडकला की सापळा काढायचा, मूळ सूचना परत ठेवायची, त्याला एक पाऊल पुढे जाऊ द्यायचं आणि सापळा पुन्हा लावायचा. सर हे सगळं चालून बघत. पिवळा कागद म्हणजे सापळा.

"मूळचं होतं ते जागेवर ठेवलंत का?" हा त्यांचा प्रश्न कोडपुरता नव्हता. कँटीनमधली खुर्ची, स्टेपलर, खिडकीचा पडदा, सगळ्यांना लागू. आणि त्यांचे शेरे. मी कोडात 'तात्पुरते' असं लिहिलं, तर शेरा: "किती तात्पुरते?" एक ओळ रिकामी सुटली, तर: "इथे कोणी येणार आहे का?"

"सरांकडे गेलेला कोड म्हणजे लॉन्ड्रीत टाकलेला शालू," आमचा टीम लीड अमोल म्हणायचा. "मिळेल. कधी, ते विचारायचं नाही."

माझ्या वाट्याला आलेलं काम दोन थ्रेडचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन धाग्यांचं होतं. एकाच वाटेवरून दोघं चालताहेत असं समजा. पहिल्याला पुढे सोडायला सापळा उचलला, की तेवढ्यात दुसरा न थांबता निघून जातो. म्हणून मी सापळा परत लागेपर्यंत दुसऱ्याला रोखून धरलं. हा बदल मंजूर झाला तरच मी नोकरीत कायम होणार होते. अमोलने तसं स्वच्छ सांगितलं होतं. महिना संपत आला आणि सर परत पाठवताहेत. कधी शुद्धलेखन, कधी मोकळी जागा. गेल्या दिवाळीपासून दोन थ्रेडचं एकही काम त्यांच्याकडून सुटलं नव्हतं. सरांना आता झेपत नाही, असं ऑफिसचं मत पडलं होतं.

आईचा फोन यायचा. तिची मनगटं सुजलेली. "पक्कं झालं का न्हाई गं? मेसवाला इचारतोय, म्होरल्या महिन्याला हाय का न्हाई."

शेवटी मी वैतागून सरांच्या टेबलाशी गेले. "सर, अडलंय काय ते तरी सांगा."

"अडलेलं नाही. चालून बघितलेलं नाही."

"मग चालू या."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही चालाल?"

ते पहिले, मी दुसरी. कागद त्यांच्याच हातात. मागून दोन-चार जण हसत होते. मी चालायला लागले, तर म्हणाले, "हळू. ही इतक्या घाईने जात नसे."

ही कोण, ते मी विचारलं नाही. पुण्यात विचारावं लागत नाही.

"शनिवार पेठेत आमची लांब गॅलरी आहे," ते कागदाकडे बघत म्हणाले. "तिथे दोघं चालायचो. तिला यातलं ओ की ठो कळत नसे. 'मी थांबू का जाऊ ते एकदा ठरवा, कुकर लावलाय,' म्हणायची." मग म्हणाले, "दिवाळीत गेली. एकट्याला दोन थ्रेड चालता येत नाहीत हो. आणि इथे कोणाला म्हणणार, जरा चाला म्हणून."

मी हळू चालले.

सगळं नीट झालं. शेवटची एकच तपासणी राहिली: पहिला सापळ्यावर उभा असतानाच सापळा कायमचा काढला तर? सरांनी कागद उचलला, घडी करून खिशात घातला आणि पुढे गेले. खिडकीपाशी जाऊन वळले. मी आपली कार्पेटवर उभी.

"का थांबलात?"

"सर, मला कोणी सोडलंच नाही."

कागद परत लागला की दुसऱ्याला सोडायचं, असं मी लिहिलं होतं. कागद आता परत लागणारच नव्हता.

"सापडलं," सर म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते हसले असावेत. चेहऱ्याला सवय नव्हती.

मी दुरुस्ती केली. त्यांचा शेरा आला: "हरकत नाही." एवढाच. अमोलने तो दोनदा वाचला.

दिवाळीपासून अडकलेली बाकीची कामंही एकेक करून सुटली. दुसरी मीच चालते. जेवणानंतर सर नुसता कागद दाखवतात, मी उठते.

माझी नोकरी कायम झाली. आईने मेसचं काम सोडलं.