मण्याला जागा

सजीवाच्या वाढीसाठी मोकळी जागा लागते, हे शास्त्राने निर्विवाद सिद्ध केलेले आहे. द्राक्षाच्या बाबतीत तर ते जगाने मान्यही केले आहे. घडात दाटी झाली की एकाही मण्याची धड वाढ होत नाही. म्हणून मणी सहा मिलिमीटरचे झाले की निम्मे कात्रीने काढून टाकतात. याला विरळणी म्हणतात. उरलेले मणी अठरा मिलिमीटरपर्यंत फुगतात आणि बोटीने परदेशी जातात. काढलेले मातीत जातात. (त्यांची तक्रार आल्याची नोंद नाही.)

वनस्पतिशास्त्रात पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेला सुदर्शन २००४ च्या डिसेंबरात खोडदच्या अलीकडे सावळाराम बागाईतदाराच्या बागेत परदेशी खरेदीदारांच्या वतीने तपासणीला आला, तेव्हा त्याच्याकडे व्यास मोजायचा एक कॅलिपर आणि एक्केचाळीस रकान्यांचा फॉर्म होता. चाळीस रकाने मण्यांच्या विकासाबद्दल होते: व्यास, रंग, साल, गोडी, औषधाचा अंश. एक्केचाळिसावा होता, 'बागेत बालके काम करतात काय? होय/नाही.' 'होय' आल्यास माल नाकारला जाई. खरेदीदारांना लेकरांची एवढी कळकळ आहे हे पाहून सुदर्शनला भरून आले.

सातव्या ओळीत प्रांजल उलट्या क्रेटवर उभी होती. वय दहा, इयत्ता चौथी, हातात कात्री, मान सकाळपासून वर. शेजारी तिची आई गजराबाई.

"ही कामाला आहे का?" सुदर्शनने विचारले.

"न्हाई वो साहेब, माझ्यासंगं आलीय," गजराबाई म्हणाली. "मेंढरांमागं उन्हात हिंडायची, त्यापरीस हितं सावली हाय."

"मग हातात कात्री कशाला?"

"नुसतं उभं ऱ्हाऊन पाय दुखत्यात तिचं."

सावळाराम हसत पुढे झाला. "भाऊ, बोटं बघा की तिची! आपलं बोट दोन मण्यांत शिरतंय व्हय? देवानं ही पोरं विरळणीसाठीच धाडलीत राव."

त्याचा स्वतःचा मुलगा ऋषी हाही दहाच वर्षांचा, बोटेही त्याच मापाची. पण बारीक कामाने डोळ्यांवर ताण येतो, म्हणून देवाने त्याला जुन्नरच्या इंग्रजी शाळेत गाडीने धाडले होते.

सुदर्शन अचूकतेचा भोक्ता. बालक म्हणजे नक्की कोण, हे ठरल्याशिवाय त्याला रकाना भरवेना. वय पाहावे, तर शाळेच्या पटावर निम्म्या गावाची जन्मतारीख एक जून. असला पुरावा शास्त्रात चालत नाही. तेव्हा बागाईतदारांच्या बैठकीत (उपस्थिती नऊ, भजी दोन वेळा) मोजता येईल अशी व्याख्या एकमताने मंजूर झाली: ज्याचा हात घडाला पोचतो, तो प्रौढ. क्रेटची उंची धरावी की वजा करावी, यावर थोडा वाद झाला. पण क्रेट कामाच्या वेळी कायम पायाखालीच असते, सबब ते उंचीतच धरावे, असे ठरले. गुरुवारी साडेदहा वाजता बागेत मोजमाप झाले आणि प्रांजल सज्ञान झाली. (क्रेट वजा जाता ती एकशे अठरा सेंटिमीटर भरली, म्हणजे ऋषीपेक्षा सोळा कमी, पण वजाबाकी नामंजूर झालेली होती.)

सुदर्शनने फॉर्म काढला, तशी ती खाली उतरली आणि तिने शेवटचा रकाना बोट ठेवून वाचला.

"सर, हितं 'होय' लिवलं तर मला शाळंत जाता येईल?"

"का गं?"

"बाई म्हणल्या, शनिवारपातूर आली न्हाईस तर तुझा शिष्यवृत्तीचा फॉर्म जायाचा न्हाई. मला गणित लई येतंय, सर. ह्या घडाला दोनशे बारा मणी व्हतं. एकशे सहा काढलं."

सुदर्शनने घड मोजला. एकशे सहा. त्याला मनापासून आनंद झाला. मग त्याने तिला समजावले की एका उदाहरणासाठी व्याख्या बदलत नसतात. एवढ्यात त्याच्या लक्षात आले की क्रेटवरून उतरल्यामुळे ती तेवढ्यापुरती पुन्हा बालक झालेली आहे. खोटे लिहिणे त्याच्या स्वभावात नव्हते. ती वर चढेपर्यंत तो थांबला, आणि मग त्याने 'नाही' लिहिले.

पलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणी दूरच्या ताऱ्यांकडून कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकत होत्या. अर्ध्या किलोमीटरवर शाळेची घंटा वाजली. ती बागेत ऐकू आली. पण तिच्यासाठी रकाना नव्हता.

शनिवार गेला. शाळेने सात फॉर्मांपैकी कमी हजेरीचे तीन काढून टाकले, उरलेल्या चौघांकडे बाईंना नीट लक्ष देता आले, आणि निकाल शंभर टक्के लागला. विरळणीचे तत्त्व सर्वत्र लागू पडते, हे यावरून दिसून येईल.

फेब्रुवारीत सावळारामचा माल पास झाला. अठराच्या आतले मणी मात्र परदेशात चालत नाहीत. ते आपल्या बाजारात येतात. तुम्ही परवा आणलेला घड जरा हातात धरा. मणी कसे टपोरे, एकसारखे. आता दोन मण्यांच्या मध्ये बोट घालून बघा.

शिरणार नाही. तुमच्या बोटाची वाढ व्यवस्थित झालेली आहे.